उर्वरित आयुष्य : शून्य

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सावनेरच्या घरी बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. थोरल्या भावाच्या मुलाने कर्जासाठी अर्ज केला आहे. जुने घर पाडायचे, खाली रस्त्याच्या बाजूने चार दुकाने काढायची आणि वर राहायला दोन मजले चढवायचे, असा त्याचा बेत. बेत वाईट नाही. गाव वाढते आहे, रस्त्यावरच्या जागेला भाव आहे आणि पोराला संसार आहे.

व्हॅल्युअर तरुण होता, वागायला सभ्य होता. त्याने लेझरच्या यंत्राने खोल्या मोजल्या, फोटो काढले, वहिनींनी दिलेला चहा घेतला आणि गेला. आठ दिवसांनी अहवालाची प्रत हाती आली. जागेची किंमत डोळे विस्फारावेत अशी होती. त्याखाली बांधकामाचा तक्ता होता. भिंती विटांच्या, चुन्या-मातीतल्या. छत सागवानी फाट्यांवर कवेलूंचे. बांधकामाचे वय ६७ वर्षे. अपेक्षित आयुष्य ६० वर्षे. उर्वरित आयुष्य शून्य. किंमत शून्य.

वहिनींनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि मला विचारले, "काय भाऊजी, मग आपण एवढी माणसं कशात राहून राहिलो?"

सगळे हसले. मीही हसलो. पण माझे हसू फार वेळ टिकले नाही. कारण असे अहवाल वाचण्यातच माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. कथा-कादंबऱ्या मी रात्री लिहिल्या. दिवसा मी बँकेत अधिकारी होतो आणि माझ्या टेबलावरून अशी किती घरे 'शून्य' होऊन गेली असतील, याचा मी कधी हिशेब ठेवला नाही. त्यातले एक मात्र विसरता येत नाही. ते नागपूरच्या महालातले होते. त्याची गोष्ट सांगायची तर आधी आमचे हे सावनेरचे घर कसे उभे राहिले ते सांगायला हवे. कारण हे घर म्हणजे एका गेलेल्या राजधानीचे लहानसे पिल्लू आहे.

आजोबांची राजधानी

माझे आजोबा नागपूरला सेक्रेटरिएटात कारकून होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे ते सेक्रेटरिएट. सोमवार ते शनिवार ते महालात एका वाड्यात भाड्याच्या खोलीत राहत आणि शनिवारी संध्याकाळी इतवारी स्टेशनवरून छोट्या गाडीने सावनेरला येत. खापरखेडा, पाटणसावंगी करत गाडी अशा बेताने चालायची की, माणसाने उतरून पाय मोकळे करावेत आणि पुन्हा चढावे, असे लोक गमतीने म्हणत. ती छोटी लाईन २०१५ साली बंद झाली. आता त्या मार्गावर मोठी गाडी आहे.

आजोबा नागपूरला कधी 'नागपूर' म्हणत नसत. "उद्या राजधानीला जायचंय," असेच म्हणत. माझा जन्म झाला तेव्हा नागपूर राजधानी राहिलेले नव्हते. तरी त्यांच्या तोंडून तो शब्द गेला नाही. मला लहानपणी वाटे, 'राजधानी' हेच त्या गावाचे नाव आहे.

त्यांच्या बोलण्यात दोन नागपुरे असत. एकात ते झोपत, दुसऱ्यात काम करत. झोपण्याचे नागपूर म्हणजे महाल. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या एकत्र करून हे शहर वसवले. देवगड छिंदवाड्याकडे, सातपुड्यात आहे. आमच्या गावावरून उत्तरेला जाणारा रस्ता त्याच दिशेने जातो. म्हणजे नागपूर वसवणारा आमच्याच बाजूने डोंगर उतरून आला, असे आजोबा छाती फुगवून सांगत. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने राजधानी नागपूरला आणली, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून उभा आहे आणि तलाव गांधीसागर म्हणून. मग रघुजी भोसले आले. त्यांचे ठाणे आधी यवतमाळकडच्या भामला होते, ते नागपूरला आले आणि महालाला महालपण आले. ओरिसापर्यंत पोचलेल्या सत्तेचा कारभार या गल्लीबोळांतून चालला.

या कारभारासाठी माणसे लागत. फडनीस, चिटणीस, पोतनीस, वैद्य, पुराणिक, सोनार, कोष्टी. त्यांची घरे राजवाड्याभोवती उठली. काळ्या दगडाचे जोते, वर विटांची भिंत आणि आत सगळा सागवानाचा पसारा. लाकडाला तोटा नव्हता, सातपुड्याची जंगले उशाशी होती. देवडीतून आत गेले की पहिला चौक, तिथे पुरुषांची ऊठबस आणि कामकाज. मागचा चौक बायकांचा, त्यात विहीर आणि तुळशीवृंदावन. भोवती सपरी, सपरीत बंगई. सुरूदार खांब, त्यांच्या माथ्यावर केळफुलांची नक्षी. नागपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला या घरांचे शहाणपण सांगावे लागत नाही. जाड भिंतीमागचे माजघर वैशाखातही थंड असे आणि चौकातून गरम हवा वर निघून जाई.

आणि या घरांतून जे जगणे चाले, तेही राजधानीचेच उरलेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन निघालेली पोरे. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी. सगळा मुलूख गणपती विसर्जन करून पितरांच्या तयारीला लागतो, तेव्हा इथे ऐन पितृपक्षात भोसल्यांचा हाडपक्या गणपती बसतो. राजे गेले, पण तिथ्या राहिल्या. राजवाडा जळतो, तिथी जळत नाही.

जळतो म्हणजे खरोखरच जळला. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. औरस वारस नाही म्हणून १८५४ साली कंपनी सरकारने राज्य खालसा केले. जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले. हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीवर मातीमोलाने विकले गेले. मी बँकेतला माणूस, मला तो लिलाव फार लवकर समजतो. घेणाऱ्याला घाई असते आणि विकणारा बोलू शकत नाही, तेव्हा जो भाव ठरतो त्याला आपण बाजारभाव म्हणतो. मागे उरलेला काळ्या दगडाचा, कोरीव लाकडाने भरलेला राजवाडा १८६४ साली आगीत भस्म झाला. मोठा दरवाजा तेवढा वाचला.

टेकडीपलीकडचे शहर

आजोबांचे दुसरे नागपूर सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे होते. १८१७ च्या नोव्हेंबरात त्या टेकडीवर दोन दिवसांची लढाई झाली आणि भोसल्यांचे भवितव्य ठरले. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली आणि टेकडीपलीकडच्या मोकळ्या माळावर सिव्हिल लाईन्स उठली. अरुंद गल्ल्यांच्या जागी रुंद रस्ते, भिंतीला भिंत लावून उभ्या घरांच्या जागी दोन-दोन एकरांत एकेक बंगला. खोल व्हरांडे, उंच छते आणि उन्हाळ्यात दाराला वाळ्याच्या ताट्या. १८६३ साली संग्रहालय निघाले. लोकांनी त्याचे नाव 'अजब बंगला' ठेवले, ते आजही चालू आहे. १९१२ साली कौन्सिल हॉलची पायाभरणी झाली, तेच आजचे विधानभवन. १९२५ मध्ये रेल्वे स्टेशनची आजची दगडी इमारत खुली झाली. तिला लागलेला वालुकाश्म आपल्या सावनेरकडचा, असे आमच्या गावातली म्हातारी माणसे अभिमानाने सांगत. लहानपणी स्टेशनात शिरताना त्या भिंतीला मी हात लावत असे, गावच्या माणसाची ओळख काढावी तसा.

आणि हायकोर्ट. १९३६ मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले. त्याच्या इमारतीची पायाभरणी १९३७ साली झाली. आराखडा एच. ए. एन. मेड यांचा. दिल्लीतले राष्ट्रपती भवनाजवळचे कॅथीड्रल बांधणारे ते हेच. चारशे फूट लांब, दोनशे तीस फूट रुंद, आत बागेचा चौक आणि वर घुमट. खर्च सात लाख सदतीस हजारांच्या घरात. १९४० च्या जानेवारीत व्हाइसरॉयच्या हस्ते उद्घाटन झाले. आजोबा त्या गर्दीत कुठेतरी मागे उभे होते. ते म्हणत, "वाडा आन् कोर्ट, दोघांच्याही पोटात चौक. माणसाले शेवटी आंगणच लागते."

पुढे १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. भाषावार प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. इथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. सेक्रेटरिएटातल्या कारकुनांची वाटणी झाली, कोणी भोपाळला तर कोणी मुंबईला. फायलींचे गठ्ठे बांधताना आपल्या हाताला सुतळीचे वळ पडले होते, असे आजोबा सांगत. एका दिवसात शहर रिकामे झाले नाही, पण रिकामे होऊ लागले, हे त्यांना खानावळीत जेवायला बसल्यावर कळले. पंगत लहान झाली होती.

भोपाळही नको आणि मुंबईही नको म्हणून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. ते सावनेरला आले आणि वडिलोपार्जित जागेवर त्यांनी घर बांधले. त्या घरात त्यांनी आपली दोन्ही नागपुरे आणली. समोर सिव्हिल लाईन्ससारखा कमानींचा व्हरांडा आणि आत महालासारखा चौक. चौकात विहीर, सपरीत बंगई. तालुक्याच्या गावी कारकुनाच्या पेन्शनीत बसेल एवढी ती राजधानी. तिचेच वय आज ६७ आणि उर्वरित आयुष्य शून्य.

१९९७ सालचा एक वाडा

आता महालातली गोष्ट. १९९७ साली मी तिथल्या एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. एका वाड्याच्या जागी अपार्टमेंट बांधायचे होते. तीन भाऊ मालक आणि सोबत एक बिल्डर, असा प्रस्ताव होता. पाहणीला मी स्वतः गेलो. खरे सांगायचे तर कर्जापेक्षा वाडा पाहण्याची हौस जास्त होती. माझ्या दुसऱ्या कादंबरीत असाच एक वाडा यायचा होता.

देवडीतून आत गेलो आणि थक्क झालो. बाहेरच्या वाहनांचा आवाज दहा पावलांत विरला. चौकात उन्हाचा चौकोनी तुकडा पडला होता. खांबावरची केळफुले काळवंडली होती, पण एकही पाकळी तुटलेली नव्हती. घराण्याचा मूळपुरुष भोसल्यांच्या फडावर होता म्हणे. मी खांबावरून हात फिरवत उभा राहिलो. तेवढ्यात त्या भावांची आई, सत्तरी ओलांडलेली बाई, आतून पन्ह्याचा पेला घेऊन आली.

"साहेब, सगळे येतात ते खांबच पाहतात," ती म्हणाली. "छत पाहिलं का?"

मी वर पाहिले. कवेलू सरकले होते, फाट्यांना वाळवीच्या माती-रेघा होत्या. एका कोपऱ्यात प्लॅस्टिक बांधले होते. ती म्हणाली, "पंचवीस वर्षं झाली, पाऊस लागला की मी भांडी मांडून राहिली. कोणत्या थेंबाखाली कोणतं भांडं, ते पाठ झालं मला. संडास मागच्या चौकापलीकडे. गुडघे गेले आता. भाडेकरू बारा रुपये देतो, तेही वर्षातून एकदा. तुम्ही लोक वाडा पाहायला येता. आम्ही त्यात राहतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वाचकहो, आजही नाही. जुन्या घरांवर प्रेम करणे सोपे आहे, पण रात्री उठून बादली सरकवावी लागली की ते प्रेम ओले होते. वारशाबद्दल लिहिणारे आपण बहुतेक जण पक्क्या स्लॅबखाली बसून लिहितो.

व्हॅल्युअरचा अहवाल आला. जागा इतकी, बांधकाम शून्य. आखीव पत्रिका ठीक, मालकी ठीक, भावांच्या सह्या ठीक. मी शिफारस लिहिली आणि सही केली. नियमाप्रमाणे त्यात काडीचीही चूक नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात वाडा उतरला. पाडणाऱ्या ठेकेदाराने सागवान उचलले आणि त्याचे मालकांना दीड लाख रुपये दिले. माझ्या कागदावर ज्या घराची किंमत शून्य होती, त्याचे नुसते लाकूड दीड लाखाला गेले! तो आकडा ऐकला त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या सहीची लाज वाटली. अहवाल खोटा होता असे नाही. त्यात एक रकानाच नव्हता. हे घर दुरुस्त केले तर किती खर्च येईल आणि मग ते किती वर्षे उभे राहील, हे आम्ही कोणी विचारलेच नव्हते. ते विचारण्याची जागा त्या छापील नमुन्यात नव्हती आणि मी त्या नमुन्याबाहेर गेलो नाही.

पाच-सहा वर्षांनी ती बाई शाखेत आली होती. तिला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला होता. मी विचारले, "बरं आहे ना?" ती म्हणाली, "लई बरं आहे. लिफ्ट आहे, नळ आहे. फक्त पाऊस आला-गेला काही कळत नाही." हे ती समाधानाने म्हणाली की खंतीने, ते मला तेव्हा समजले नाही. दोन्ही असावे.

रिगाहून आलेला फोटो

हे सगळे पुन्हा डोक्यात घोळू लागले त्याला आणखी एक निमित्त घडले. माझी भाची शिक्षणासाठी रिगाला आहे. रिगा म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हिया या छोट्या देशाची राजधानी. तिने फोनवर एका इमारतीचा फोटो पाठवला. लाल विटांचा, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेला दर्शनी भाग, त्यावर पुतळे, मोठे घड्याळ. खाली लिहिले होते, 'मामा, ओळखा किती जुनी?' मी लिहिले, चारशे वर्षे. ती म्हणाली, 'पंचवीसेक वर्षे!'

ते 'ब्लॅकहेड्स' नावाच्या अविवाहित व्यापाऱ्यांच्या संघाचे घर. मूळ घर चौदाव्या शतकातले. १९४१ साली युद्धात ते उद्ध्वस्त झाले. उरलेसुरले अवशेष सोव्हिएत राजवटीत १९४८ साली काढून टाकण्यात आले. १९९१ मध्ये लाटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला आणि १९९५ ते १९९९ या काळात त्यांनी ते घर जसेच्या तसे पुन्हा उभे केले. राजधानीपण परत मिळाल्यावर आधी काय करावेसे वाटते, तर पुसलेली ओळ पुन्हा लिहावीशी वाटते.

माझी भाची बांधकामशास्त्र शिकते. ती म्हणाली, "पण मामा, इथे मला ते घर एवढं आवडत नाही. मला लाकडी घरं आवडतात." रिगाचा जुना भाग १९९७ साली जागतिक वारसा यादीत गेला. तो नक्षीदार दगडी इमारतींसाठी प्रसिद्ध आहेच, पण त्या यादीत एकोणिसाव्या शतकातल्या साध्या लाकडी घरांचीही नोंद आहे. नदीतल्या किपसाला बेटावरची तशी घरे दुरुस्त करून लोक त्यांत राहतात. आत नळ आहेत, थंडीत ऊब आहे आणि बाहेरून घर जुनेच आहे. म्हणजे त्या म्हाताऱ्या बाईच्या तक्रारीवर उत्तर असू शकते. ते खांबांची पूजा करण्यात नाही. छत गळू न देण्यात आहे आणि संडास घरात आणण्यात आहे.

शेजारच्या लिथुआनियाची गोष्ट तर मला नागपूरचीच वाटली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांची व्हिल्न्यूस ही राजधानी पोलंडकडे गेली, तेव्हा १९१९ पासून वीस वर्षे त्यांनी काउनास या दुसऱ्या शहरात 'तात्पुरती राजधानी' थाटली. त्या वीस वर्षांत तिथे कचेऱ्या, बँका, शाळा आणि मध्यमवर्गीयांची घरे बांधली गेली. पुढे राजधानी पुन्हा व्हिल्न्यूसला गेली आणि काउनास नुसते शहर उरले. पण २०२३ साली काउनासच्या त्याच वीस वर्षांतल्या बांधकामाला जागतिक वारशाचा मान मिळाला. राजवाडे नव्हते, फार जुनेही काही नव्हते. एक शहर राजधानी होऊन जगले, त्याची ती खूण होती, एवढेच.

आपल्याकडे काय राहिले? सरकारी ते राहिले. १९५३ च्या नागपूर करारानुसार हिवाळी अधिवेशन इथे भरते. डिसेंबर आला की विधानभवनाला रंग लागतो, 'रामगिरी' आणि 'देवगिरी' बंगल्यांत दिवे लागतात, मोर्चे निघतात, तर्री-पोह्याच्या गाड्यांवर मुंबईचे लोक डोळे पुसत उभे राहतात. २०२० आणि २०२१ साली करोनाकाळात अधिवेशन नागपूरला झाले नाही, तेव्हा शहराला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. हायकोर्टात खंडपीठ आहे. अजब बंगल्यात शाळेची पोरे येतात. या इमारतींना एक मालक गेला तर दुसरा मिळाला, म्हणून त्या टिकल्या. एम्प्रेस मिलला तसा मिळाला नाही. टाटांची ती गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, २००२ साली बंद पडली आणि त्या आवारात आता मॉल आहे. महालातल्या वाड्यांनाही कोणी मिळाले नाही. वारसा-इमारतींची यादी आहे, समिती आहे. पण यादीतल्या घरात राहणाऱ्या माणसाला कवेलू बदलायला पैसे लागतात आणि ते यादीत लिहिलेले नसतात. मी बँकेत होतो तेव्हा नवे घर बांधायला, गाडी घ्यायला, ट्रॅक्टर घ्यायला कर्जे दिली. 'माझा जुना वाडा आहे, तो नीट करायचाय' असे म्हणत कोणी आला, की आम्ही त्याचे तारण विचारायचो आणि तारण म्हणून तो वाडाच असायचा. त्याची किंमत शून्य!

राजधानी ही राजाच्या हुकुमाने किंवा संसदेच्या कायद्याने होते आणि तशीच जाते. तिच्यामुळे माणसे जी घरे बांधतात, जे सण लावून घेतात, ज्या पद्धतीने पाहुण्याला सपरीत बसवतात, ते मात्र कायद्याने जात नाही. ते जाते आपल्याच हातांनी, सह्या करकरून. त्यातली एक सही माझी आहे, म्हणून हे लिहिले.

कवेलूवाले काका

आता आमच्या घराचे काय? पुतण्याला मी नाही म्हटलेले नाही. त्याच्याइतक्या वयात मीही असाच हिशेब केला असता. फक्त त्याला एक कागद करून दिला. दुरुस्तीचा अंदाज, म्हणजे त्या छापील नमुन्यात नसलेला रकाना. रस्त्याकडची मोकळी पडवी आणि जुना गोठा काढून तिथे दोन दुकाने, मागे नवी न्हाणी आणि संडास. चौक, सपरी आणि व्हरांडा आहे तसा. चार दुकानांचे भाडे येणार नाही, दोनचे येईल. कर्ज निम्म्याहून कमी लागेल. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "काका, दोन दुकानांत माझं भागेल का, ते पाहतो." तो खरेच पाहतो आहे. दिवाळीला सगळे जमतील, भाची फोनवर असेल, तेव्हा ठरेल. काय ठरेल ते मला माहीत नाही. मतदानात मी एक मत आहे.

पण पावसाळा दिवाळीपर्यंत थांबत नाही. म्हणून जूनच्या तोंडावर मी माझ्या पेन्शनीतून कवेलू फेरून घेतले. कवेलू फेरणारी माणसे आता गावात शोधावी लागतात. एक म्हातारे काका मिळाले, सोबत त्यांचा नातू. दोघे तीन दिवस छपरावर होते. फुटके काढले, चांगले धुऊन पुन्हा लावले. दोन फाटे वाळवीने गेले होते, ते बदलले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका शिडीवरून उतरले, विहिरीवर हातपाय धुतले आणि बंगईवर न बसता खाली जोत्यावर टेकले. मी पैसे दिले, चहा दिला आणि सहज विचारले, "काय वाटते काका, किती चालेल?"

त्यांनी वर पाहिले. चहाचा घोट घेतला. म्हणाले, "लाकूड गच्च आहे, साहेब. दरसाली फेरत गेले, तर दहा पावसाळे काही होत नाही. पुढचं पुढं पाहू."

त्या रात्रीच पहिला पाऊस झाला. मी जागा होतो. कवेलूंवर थेंबांचा आवाज येत होता आणि आत एकही भांडे मांडावे लागले नाही. सकाळी मी तो अहवाल काढला. 'उर्वरित आयुष्य' या रकान्यापुढे शून्य होते, त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहिले, 'दहा पावसाळे'. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद पुतण्याच्या फायलीत परत ठेवून दिला.